नऊ जण, एकच जाडी

इतोहारा, शिगा
९ फेब्रुवारी २०१४

तामा,

अनेक आशीर्वाद. तीन दिवस बर्फ थांबलेलं नाही. छपरावरचं बर्फ ओढायला आता शेजारच्या मुरासेंना विनवावं लागतं, आणि ते विनवणं मला बर्फापेक्षा जड जातं. बाकी तब्येत बरी. फोन केला नाही, कारण फोनवर तू फार गोड बोलतेस आणि मग मला विचारायचं तेच राहून जातं.

क्योतोच्या इवाकाबाईंचं पत्र आलं. चाळीस वर्षं त्यांच्या घरच्या तीन तारांच्या शामिसेनला आपल्या रेशमी तारा. आता त्यांच्या सगळ्या शिष्यांनी नायलॉनच्या तारा लावल्यात. का, तर त्या तुटत नाहीत. अगं, तार तुटणारच नसेल तर वाजवणाऱ्याला कळायचं कसं की आपण जोर केला? असो. गेल्या वर्षी मागणी आली ती अवघी चार घरांतून. त्यातलं एक घर आता हे गेलं.

मेअखेर डोंगरापलीकडच्या तोकुएबाई दरवर्षीप्रमाणे विचारतील, यंदा रेशमाच्या किती लडी काढू म्हणून. त्या त्र्याऐंशीच्या झाल्या. उकळत्या पाण्यातल्या कोशातून बोटांनी धागा उचलणारं या पट्ट्यात दुसरं कोणी उरलेलं नाही. मी नको म्हटलं तर त्यांची चूल पेटणार नाही, आणि एकदा विझली की पुन्हा कोण पेटवतंय. गिरणीचं रेशीम माझ्या कामाचं नाही, ते इतकं गुळगुळीत की पीळ धरतच नाही. म्हणजे त्या थांबल्या की मीही थांबले.

तू तिकडे वीस वर्षं घरोघरी जाऊन पियानोच्या खुंट्या पिळतेस. सांग मला, एवढ्या मोठ्या युरोपात आपली वाद्यं रेशमावर वाजवणारं कोणी आहे का? भिंतीला टांगून पाहुण्यांना दाखवणारे नकोत. वाजवणारे हवेत. असतील तर मी तोकुएबाईंना हो म्हणेन. नसतील तर पीळ द्यायचे भोवरे कापडात बांधून माळ्यावर टाकीन. मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस, खरं तेवढं लिही.

तुझी इसोए आत्या

*

गेन्ट
२ मार्च २०१४

प्रिय आत्या,

तुझं पत्र वाचलं आणि त्याच आठवड्यात कामाला लागले. बातमी चांगली आहे. नऊ जण मिळाले.

खरंच नऊ. त्यातल्या गोडेलीव्हबाईंबद्दल आधी लिहिते. त्यांचा पियानो मी सहा वर्षं जुळवतेय आणि मला पत्ता नव्हता की शेजारच्या खोलीत कपाटावर शामिसेन आहे. शाळेच्या ग्रंथालयात होत्या, आता निवृत्त. मामा जहाजावर होता, त्याने कोबेहून आणलेलं वाद्य. जुन्या टेपांवरून ऐकून ऐकून तीस वर्षं एकट्या शिकल्या. नखी इतकी हलकी धरतात की आजी असती तर तिने मान डोलावली असती. कुठून तरी जुन्या रेशमी तारा मिळवून लावतात, आणि तक्रार काय, तर तिसरी तार पहिलं गाणं संपायच्या आत तुटते, आणि तुटते तीही नेमकी त्यांना आवडणाऱ्या जागी. मी म्हटलं, माझी आत्या तारा करते. त्या खुर्चीवरून उठल्या आणि त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. मी काहीच केलेलं नसताना. मला फार लाजल्यासारखं झालं.

बाकीचे आठही असेच आहेत, कोणी हॉलंडात, कोणी जर्मनीत, एक फ्रान्समध्ये. सगळे चांगलं वाजवतात, सगळे रेशीमच लावतात. सगळ्यांना तारा हव्यात. नऊ संच पाठव, जाडी सगळ्यांना पंधराची चालेल. तोकुएबाईंना निर्धास्त हो म्हण.

इकडे पाऊस आणि सायकली. भाजलेला बांगडा घातलेल्या शेवयांची फार आठवण येते.

तुझी तामाए

*

इतोहारा
२५ मार्च

तामा,

तुझं पत्र आलं तेव्हा मी ते तीनदा वाचलं. मग बूट चढवले आणि डोंगरापलीकडे गेले. बर्फ वितळायला लागलंय, वाट सगळी चिखलाची. तोकुएबाईंना म्हटलं, युरोपात नऊ जण आहेत. त्यांनी बोटं मोजली, आणि नवव्या बोटावर थांबून म्हणाल्या की एवढे तर आता आपल्या खोऱ्यातही नाहीत. आम्ही दोघी हसलो. चहा झाला. दोन आठवडे मी घरात गुणगुणत हिंडत होते, मुरासेंनी विचारलंसुद्धा की काय झालंय म्हणून.

काल तारांना पीळ द्यायला बसले. एकेका संचावर नाव आणि जाडी लिहायला कागद घेतला. पहिला, पंधरा. दुसरा, पंधरा. तिसरा, पंधरा. चौथ्यावर हात थांबला.

तामा, मी साठ वर्षं तारा करतेय. एका गुरूचे दोन शिष्य एका जाडीवर राहत नाहीत. आवाज जाड असणाऱ्याला जाड तार लागते, ज्याचं मनगट हलकं त्याला बारीक, उन्हाळ्यात एक आणि थंडीत दुसरी. तुझे आजी-आजोबा एका छपराखाली राहून सोळा की पंधरा यावरून आठ-आठ दिवस बोलत नसत. आणि तुझे नऊ जण, चार देशांतले, एकमेकांचं तोंडही न पाहिलेले, एकमुखाने पंधरा म्हणतात. पंधरा हा तुझ्या आजीचा आकडा. तुला तेवढाच येतो.

एक मात्र खरी आहे. गोडेलीव्हबाई. तिने तक्रार केली. तिचा संच सोबत पाठवतेय, तिसरी तार अर्ध्या आकड्याने जाड केली आहे आणि हळदीच्या पाण्यात खळ जरा कमी घातली आहे. तिला सांग, लावल्यावर एक दिवस ताणून ठेव, मग वाजव. तीस वर्षं एकटीने टेपांवरून शिकलेल्या बाईपुढे मी वाकते. हे तिला सांग.

तुला काय सांगू. मी तुला खरं लिहायला सांगितलं होतं. आता मला पुन्हा डोंगर चढून जायचंय आणि त्या नऊ बोटांतली आठ मिटायची आहेत. एका बाईसाठी चूल पेटवा असं मी तोकुएबाईंना म्हणू शकत नाही.

उत्तराची घाई करू नकोस.

इसोए

*

गेन्ट
२० एप्रिल

आत्या,

आठ जण नव्हते. माझं पितळ उघडं पडलं आणि तेही माझ्याच घरच्या धंद्यात, याची लाज कुठे लपवू कळत नाही.

का केलं, ते लिहिते. अठराव्या वर्षी मी घर सोडलं तेव्हा तू भोवऱ्यांपुढे बसली होतीस. मी दारातून म्हटलं, येते. तू हात थांबवला नाहीस, कारण ओला पीळ अर्ध्यावर सोडता येत नाही. तुझी पाठ तेवढी दिसली. बाबा गेल्यावर त्या खोलीत तू एकटीच राहिलीस आणि मी इथे दुसऱ्यांची वाद्यं जुळवत बसले. तुझं पत्र आलं तेव्हा वाटलं, आठ खोट्या माणसांनी तुझी चूल वर्षभर पेटती राहत असेल तर काय बिघडलं. ते आठ संच मी माझ्या कपाटात ठेवणार होते. हे लिहिताना कळतंय की यापेक्षा मोठा अपमान मी तुझा करू शकले नसते. कपाटात ठेवायला तारा.

गोडेलीव्हबाईंना तुझा निरोप सांगितला. त्यांनी लगेच जुन्या तारा उतरवल्या. तार लावली, एक दिवस ताणून ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी मला बोलावून वाजवून दाखवलं. तार गाणं संपेपर्यंत टिकली. मग त्या म्हणाल्या, आता ही खालच्या सुराची पहिली तार हिच्यापुढे पोकळ वाटते, आत्यांना सांग. म्हणजे पुन्हा तक्रार आहेच.

मी शोधायला निघतेय. या वेळी काही मिळालं तरच लिहीन.

तामाए

*

इतोहारा
३ जून

तामा,

तोकुएबाईंना परवा नको म्हणून आले. त्यांनी ऐकून घेतलं, "असं का" एवढंच म्हणाल्या आणि निघताना मुळ्याचं लोणचं बांधून दिलं. ते अजून तसंच ठेवलंय, खाववत नाही.

मी हात थांबवला नव्हता हे खरं. ओला पीळ होता हेही खरं. पण त्या दिवसाची ती तार मी पुढे कोणाला विकली नाही, एवढं तुला सांगायचं राहिलं होतं. पीळ वाकडा पडला होता.

गोडेलीव्हबाईंची पहिली तार बदलून पाठवतेय.

इसोए आत्या

*

गेन्ट
१९ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

सहा महिने लिहिलं नाही, कारण सांगण्यासारखं अर्धंमुर्धं होतं. आता पुरतं झालंय. पत्र लांबेल, चहा घेऊन बस.

सुरुवात गोडेलीव्हबाईंच्या शामिसेनवर मढवलेल्या, फाटलेल्या कातड्यापासून झाली. इकडे हिवाळ्यात घराघरात हीटर, हवा कोरडी ठणठणीत, आणि शामिसेनचं कातडं फाटतंच. दोन वर्षांपूर्वी त्यांचं फाटलं तेव्हा कोणीतरी त्यांना हॉलंडातल्या उट्रेख्टचा पत्ता दिला होता. तिथे रिंस नावाचा माणूस आहे. ट्राम चालवतो, माणूस कसला, कपाट आहे नुसतं. तरुणपणी आओमोरीत दोन हिवाळे भांडी घासून त्याने उत्तरेचं ते दणदणीत शामिसेन शिकून घेतलं. परत आल्यावर कातडं चढवायला कोणी नाही, म्हणून स्वतःच चढवायला शिकला. पहिली अकरा फाडली म्हणतो, बारावं बसलं. तेव्हापासून ज्याचं कातडं फाटतं तो रिंसला पार्सल करतो. तोंड कोणी कोणाचं पाहिलेलं नाही. पण माझ्या लक्षात आलं, त्याच्या वहीत पत्ते असणार. नऊ-दहा होते. काहींनी वाद्य विकून टाकलं, काही गेले, काही कातडं चढवून घेतात पण भिंतीला टांगायला. मी सगळीकडे गेले. हक्काच्या सुट्ट्या संपल्या, मग बिनपगारी घेतल्या.

मला सगळ्यात जास्त धक्का कशाचा बसला सांगू? प्रत्येक जण मला दार उघडून हेच म्हणाला की मला वाटत होतं, मी एकटाच आहे. पोलंडमधल्या पोझनानमध्ये बोगुमिला आणि चेस्वाव म्हणून नवरा-बायको आहेत. ती शामिसेन वाजवते, तो कोतो. आत्या, ते घरात दोघं आहेत आणि तरी म्हणाले, आम्ही एकटेच आहोत. ड्युसेलडॉर्फमध्ये आपली एक मिसुझुबाई आहे, मात्सुए गावची, नवऱ्याच्या नोकरीमुळे तिकडे. शेजाऱ्यांना आवाज जाऊ नये म्हणून न्हाणीघरात दार लावून, नखीवर रुमाल गुंडाळून वाजवते. चौदा वर्षं. तिच्या आवाजाला न्हाणीघराच्या फरशीचा एक घुमारा लागलाय तो मी जन्मात विसरणार नाही.

गेल्या शनिवारी सगळ्यांना माझ्या कार्यशाळेत बोलावलं. तीन पियानो भिंतीला लावले, जमिनीवर सहा उशा मांडल्या, भात आणि मासे केले. मला वाटलं होतं, एकमेकांना भेटून डोळ्यांत पाणी आणतील. पहिला अर्धा तास तसंच झालं. रिंस तर सगळ्यांच्या वाद्यांची कातडी बोटाने वाजवून बघत फिरत होता, आपण कधी काय चढवलं ते ओळखत. मग स्वर जुळवायला बसले आणि भांडणाला तोंड फुटलं.

पहिल्या तारेची जवारी किती ठेवायची यावरून. मी तर पियानोवाली, आयुष्यभर झणझण ऐकू आली की ती मारत आलेली. इथे ही माणसं तीच झणझण जपायला एकमेकांच्या जिवावर उठली होती. बोगुमिला म्हणाली, रिंसची तार माशी अडकल्यासारखी वाजते. रिंस म्हणाला, तुझी तर वाजतच नाही, सर्दी झालीय तिला. मिसुझुबाई आपल्या रीतीप्रमाणे दोनदा वाकून नमस्कार करून म्हणाली, "माफ करा, पण तुम्ही दोघंही चुकताय." त्यानंतर तिने कोणाचं ऐकून म्हणून घेतलं नाही. चौदा वर्षं न्हाणीघरात साठलेलं सगळं बाहेर पडलं.

चेस्वाव मध्ये पडला तर त्याच्या कोतोच्या तेरा तारांवर सगळे घसरले. गोडेलीव्हबाईंनी एकट्यांनी शांतपणे तुझ्या तारा लावलेलं शामिसेन मांडीवर घेतलं आणि पहिली तार छेडली. भांडण जागच्या जागी थांबलं. सगळे जण पुढे सरकून बघायला लागले, तार कुठली, रंग कशाचा, पीळ कोणाचा. मी म्हटलं, हळद, आणि माझ्या आत्याचा. मग रिंसने गोडेलीव्हबाईंकडे असं बघितलं की मला वाटलं हा वाद्य पळवतो की काय.

पुढे सहा जणांनी मिळून एक लहान चाल वाजवली. चुकली. पुन्हा वाजवली.

आता मागण्या. शब्द त्यांचे आहेत, मी फक्त लिहून घेतलंय.

गोडेलीव्हबाई: पहिली सोळा, तिसरी तू केलेलीच, मधली थोडी उजळ हवी.

रिंस: सगळ्यात जाड जी होते ती. म्हणतो, तुझ्या आत्याने मनात आणलं त्याहून एक आकडा वर. मी म्हटलं तुटेल खुंटी. म्हणतो, खुंटी माझी आहे.

बोगुमिला: साडेपंधरा. रिंस काय म्हणतो तिकडे लक्ष देऊ नका असं खास लिहायला सांगितलंय.

मिसुझुबाई: साडेचौदा, पण खळ कमी. आणि तिच्या गुरूंना यातलं काही कळवू नका. दुसऱ्या घराण्याच्या लोकांत बसून वाजवल्याचं त्यांना आवडणार नाही. तिथेच मला म्हणाली, पुढच्या वेळी केव्हा?

चेस्वाव: कोतोच्या तेरा. जाडी त्याने बायकोला विचारून कळवतो म्हटलं, मग बायको गेल्यावर मला बाजूला घेऊन वेगळाच आकडा सांगितला. तो पाठीमागे लिहिलाय.

आत्या, तू तोकुएबाईंना नको म्हणून आलीस, मला माहीत आहे. यंदाचे कोश निघून गेले. मी कोणाला कसलं वचन दिलेलं नाही. त्यांना खरं तेच सांगितलं, की रेशीम नसेल तर तारा होणार नाहीत, थांबावं लागेल. ते म्हणाले, थांबू. मला फक्त तुला कळवायचं होतं की ते आहेत. या वेळी खरेच आहेत, आणि तुझ्या एका तारेवर सगळ्यांची बोलती बंद झाली हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. माझी छाती अभिमानाने भरून आली होती. हे तुझ्यासमोर बसून सांगायला मला जमलं नसतं, म्हणून लिहिते.

तुझी तामाए

*

इतोहारा
१४ नोव्हेंबर

तामा,

तुझं पत्र घेऊन मी डोंगर चढले. यंदा तिसऱ्यांदा. गुडघे आता माझ्याशी बोलत नाहीत.

मनात ठरवलं होतं की आधी माफी मागायची आणि मग पुढच्या वर्षाचं विचारायचं. तोकुएबाईंच्या पडवीत शिरले तर दांडीवर लडी टांगलेल्या. पांढऱ्याशुभ्र, यंदाच्या. दरवर्षीच्या निम्म्याच, पण होत्या. मी विचारलं, हे काय, मी तर नको म्हणून गेले होते. म्हणाल्या, "तुम्ही मला सांगून गेलात हो. कोशांना कोणी सांगितलं? ते आले आपल्या वेळेला." त्यांच्या हातांवर उकळत्या पाण्याचे लाल डाग अजून होते. मी तिथे पडवीतच बसले आणि रडले. त्यांनी रडू दिलं आणि मग तुझं पत्र वाचून दाखवायला सांगितलं. रिंस आणि बोगुमिलाचं भांडण दोनदा वाचायला लावलं. म्हणाल्या, ही माणसं खरी आहेत.

ते मीही पहिल्याच पानावर ओळखलं होतं. एवढं जीव तोडून भांडायला माणसाने रात्रंदिवस एखादी गोष्ट मनाशी धरलेली असावी लागते. कोणी मदतीला नाही, गुरू नाही, ऐकणारं नाही, आणि तरी अकरा कातडी फाडून बारावं चढवणारा. न्हाणीघरात चौदा वर्षं. आम्ही इथे या वाद्यांच्या गावात बसून रडगाणं गात होतो की कोणाला कदर नाही म्हणून. मला माझीच लाज वाटली. त्यांना माझा नमस्कार सांग, एकेकाला वेगवेगळा सांग, घाऊक नको.

दोन आठवडे भोवरे फिरतायत. गोडेलीव्हबाईंची मधली उजळ झालीय. बोगुमिलाला साडेपंधरा. मिसुझुबाईंना साडेचौदा, आणि तिच्या गुरूंना माझ्याकडून काही कळणार नाही. रिंसला सांग, त्याने मागितली तेवढी जाड देणार नाही, एक आकडा खालीच देतेय. आकांडतांडव करील, करू दे, महिन्याने माझं नाव घेईल. चेस्वावच्या तेरा तारांचं रेशीम यंदा पुरलं नाही. त्याला म्हणावं, पुढच्या जूनपर्यंत थांब, आणि तोवर बायकोला खरा आकडा सांग.

आता तुझं. उशा सहा मांडल्यास. चाल सहा जणांनी वाजवली. मागण्या पाचांच्या. पाच माणसांच्या पत्रात सहावं माणूस तू लपवलंस आणि मला कळणार नाही असं तुला वाटलं. तुला खोटं लिहिता येत नाही ग, तामा, मार्चमध्येही आलं नव्हतं.

सोबत त्या सहाव्या माणसाचा, तुझा, संच आहे. जाडी विचारली नाही, कारण विचारलं असतं तर तू पंधरा म्हणाली असतीस. पंधरा तुझ्या आजीची होती. ही मी तुझ्या हाताकडे बघून केली आहे. मला तुझा हात आठवतो, वीस वर्षं पियानोच्या खुंट्या पिळून तो काय झाला असेल याचाही अंदाज केलाय. लाव, एक दिवस ताणून ठेव, मग वाजव. आवडली नाही तर भांड माझ्याशी.

इसोए आत्या